कारण सिद्ध करावयाचे कोणी?

लष्करातून मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्या जवानाच्या ट्रंकेत, तळाशी, घड्या पडून पिवळा झालेला एक कागद असतो. तो वैद्यकीय मंडळाचा छापील नमुना. त्यात प्रश्न विचारलेला असतो की, हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे आले काय? त्यापुढे एकच शब्द लिहिलेला असतो : नाही. त्याखाली दुसरा प्रश्न : सेवेतील परिस्थितीमुळे ते बळावले काय? त्यापुढेही तोच शब्द. या दोन नकारांखाली मंडळातील डॉक्टरांच्या सह्या होतात, वरिष्ठांची मान्यता मिळते आणि ज्याने आठ-नऊ वर्षे बर्फात, वाळवंटात वा जंगलात काढली तो मनुष्य अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनास मुकतो. हे दोन नकार कशाच्या आधारे लिहिले, याचा खुलासा त्या कागदावर बहुधा नसतो. असलाच तर तो एका ओळीचा असतो.

या एका ओळीविरुद्ध दाद मागण्यात देशातील हजारो माजी सैनिकांचे उर्वरित आयुष्य जात आहे. 1 जुलै 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या सुमारे तीनशे याचिका एकदम फेटाळल्या. त्या याचिका जवानांनी केलेल्या नव्हत्या, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जवान जिंकले होते आणि त्यांच्या हाती पडलेला तो निकाल उलटविण्यासाठी सरकारच उच्च न्यायालयात गेले होते. ही बातमी वृत्तपत्रांतून एक दिवस झळकली आणि मागे पडली. आमच्या मते तिच्यात जो प्रश्न आहे तो मागे पडू देण्याजोगा नाही. गोव्याच्या पेडणे-सत्तरीपासून दोडामार्ग-सावंतवाडीपर्यंत आणि घाटावर बेळगावपर्यंत अशी गावे आहेत, जिथे चवथीला रजा काढून येणारा फौजी हा गावच्या जिव्हाळ्याचा विषय असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावी आहे, नौदलाचा हंस तळ आपल्या दाबोळीस आहे. त्या ट्रंकेतला तो कागद यांपैकी कोणाही घरचा असू शकतो.

इंग्रजी नमुन्यातील त्या दुहेरी नकाराची आद्याक्षरे जोडून सैनिकी वकिलांच्या बोलीत एक शब्द रूढ झाला आहे. 'तुमची केस नाना आहे,' असे ते सांगतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा, ज्याच्या आधारावर घर उभे असते. फौजेतल्या या नानाने मात्र किती घरांचा आधार काढून घेतला असेल!

या विषयातील कायदा समजावयाचा तर एका शिपायाच्या दाव्याकडे वळावे लागते. 'धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार' या नावाने तो आता कायद्याच्या पुस्तकांत गेला आहे. हा शिपाई 1985 साली सिग्नल कोअरमध्ये भरती झाला. 1994 च्या एप्रिलमध्ये अपस्माराच्या झटक्यांमुळे त्यास सेवेबाहेर काढण्यात आले. अपंगत्व वीस टक्के ठरले, आणि त्याचा लष्करी सेवेशी संबंध नाही असा अभिप्राय मंडळाने दिला. त्याची सेवा दहा वर्षांहून थोडी कमी भरत होती आणि त्या काळच्या नियमांनी हा थोडका फरकच प्राणघातक होता. आजार सेवेशी संबंधित नाही असे ठरले आणि सेवा दहा वर्षे भरली नाही, तर मासिक निवृत्तिवेतन नाहीच. एकरकमी उपदान घ्यावे आणि गावी जावे. (ही दहा वर्षांची अट सरकारने 2020 मध्ये काढली खरी, परंतु 4 जानेवारी 2019 रोजी वा त्यानंतर जे सेवेत होते त्यांच्यापुरतीच. त्याआधी जे घरी आले त्यांच्या वाट्यास तो दिलासा आला नाही.) या शिपायाने अलाहाबादच्या निवृत्तिवेतन कार्यालयापासून उच्च न्यायालयापर्यंत पायऱ्या झिजविल्या. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींपुढे तो जिंकला, खंडपीठापुढे हरला. शेवटी 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. पटनाईक व न्या. मुखोपाध्याय यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. सेवामुक्तीपासून तोपर्यंत एकोणीस वर्षे उलटली होती.

निकालाचे तर्कशास्त्र इतके सरळ आहे की, त्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावे लागावे याचेच नवल वाटते. भरतीचा दिवस आठवून पाहावा. पहाटे तरुणांना मैदानात धाववितात. छाती मोजतात, वजन करतात, गुडघे जुळतात का पाहतात, तळवे सपाट आहेत का पाहतात, कान-डोळे-दात तपासतात. एवढ्यातेवढ्या उणिवेसाठी शेकडो पोरांना परत पाठवितात आणि मग ती पोरे एस.टी.च्या मागच्या बाकावर मान खाली घालून घरी येतात. हे योग्यच आहे. सैन्य म्हणजे धर्मशाळा नव्हे. पण मग ज्याला या चाळणीतून पार करून घेतले, तो त्या दिवशी धडधाकट होता असे प्रमाणपत्र सरकारनेच दिले, नाही का? 1982 च्या हक्कविषयक नियमांत हेच लिहिलेले होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर मनुष्य निरोगी होता असे धरावे. पुढे वैद्यकीय कारणासाठी त्याला काढावे लागले तर ती घसरण सेवेमुळे झाली असे धरावे. दावेदाराने काही सिद्ध करावयाचे नाही. आणि वाजवी शंका उरली तर तिचा फायदा त्याला द्यावा. आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्याजोगा नव्हता असे मंडळास म्हणावयाचे असेल तर त्याने तशी कारणे नोंदवावीत. न्यायालयाने नियमांत स्वतःची भर घातली नाही. सरकारने स्वतःच लिहिलेले नियम सरकारला वाचून दाखविले, इतकेच.

वैद्यकीय मंडळांच्या कागदांत अशा वेळी एक आवडता शब्द आढळतो : 'कॉन्स्टिट्यूशनल', म्हणजे प्रकृतिगत. आजार या माणसाच्या मूळ प्रकृतीतच होता, सेवेने तो दिला नाही, असा त्याचा भावार्थ. इंग्रजीत हाच शब्द संविधानाशी संबंधित गोष्टींसाठीही वापरतात हा योगायोग आम्हांस अनेकदा खटकला आहे. ज्या संविधानाच्या रक्षणासाठी मनुष्याने उमेदीची वर्षे दिली, त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने त्यास घरचा रस्ता दाखवावयाचा! आजार जन्मजात होता तर भरतीच्या डॉक्टरांना तो दिसला नाही काय? आणि भरतीत दिसणे शक्यच नव्हते असे असेल तर हे मंडळ कोणत्या पुराव्यावरून तसे म्हणते? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या शब्दात नाही.

धर्मवीर सिंग निकालानंतर निकालांची एक मालिकाच झाली. जून 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्याला अपंगत्वाच्या कारणास्तव सैन्यातून काढावे लागते त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांहून अधिकच आहे असे धरावे. एकीकडे सेवेस अपात्र म्हणून काढावयाचे आणि दुसरीकडे अपंगत्व एकोणीस टक्क्यांवर थांबवून पैसे वाचवावयाचे, हे चालणार नाही. त्याच वर्षी 10 डिसेंबरला टक्केवारी पूर्णांकात धरण्याचा लाभही सर्वांस लागू केला : पन्नासच्या आत असेल तर पन्नास, पन्नास ते पंचाहत्तरपर्यंत पंचाहत्तर, त्यापुढे शंभर. जो लाभ फक्त मुदतपूर्व काढलेल्यांना मिळत होता तो मुदत भरून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही मिळाला. मे 2025 मध्ये, मनाच्या आजारासाठी 1998 साली काढून टाकलेल्या एका शिपायाच्या बाबतीत त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले की, कारणे न देता लिहिलेला मंडळाचा अभिप्राय टिकू शकत नाही. त्याची फेरतपासणी करावी असेही न्यायालयाने म्हटले नाही. सरळ निवृत्तिवेतन द्या, असे सांगितले. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या मनाची आज काय तपासणी करणार?

त्याआधी मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका निवृत्त सुभेदाराचे प्रकरण आले. आजार मधुमेह. मंडळाचे म्हणणे असे की, आजार सुरू झाला तेव्हा सुभेदार शांतता क्षेत्रात होता, सीमेवर नव्हता. सबब सेवेशी संबंध नाही. ही 'शांतता क्षेत्रा'ची सबब शेकडो प्रकरणांत वापरलेली दिसते. न्यायालयाने ती अमान्य केली. शांतता क्षेत्र ही नकाशावरची सोय आहे. उंचावरच्या ठाण्यावर दोन वर्षे काढून मनुष्य शांतता क्षेत्रात येतो तेव्हा त्याचे रक्तवाहिन्यांचे, झोपेचे, जेवणाचे सारे हिशेब त्या ठाण्यावरच थोडे मागे ठेवून येतो काय? पलटणीच्या बदलीबरोबर शरीराची वही कोरी होत नाही.

आता दुसरी बाजू. ती नाही असे आम्ही म्हणणार नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी 2023 मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या वाढत्या प्रमाणाकडे बोट दाखविले, आणि विशेषतः अधिकाऱ्यांमध्ये रक्तदाब व मधुमेह यांसारख्या आजारांवर हे निवृत्तिवेतन मोठ्या प्रमाणात मिळत असल्याचे नोंदविले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आजार 'सापडतो' अशी कुजबुज खुद्द सैन्यातही ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 च्या एका निकालात सांगितले आहे की, प्रत्येक मानसिक आजार सेवेनेच दिला असे यांत्रिकपणे धरता येत नाही. काही आजार भरतीच्या वेळी सुप्त असू शकतात आणि तज्ज्ञांच्या मताऐवजी न्यायालयाने आपले मत बसवू नये. 1982 च्या नियमांची जागा पुढे 2008 च्या नियमांनी घेतली आणि निरोगीपणाच्या गृहीतकाची ती निःसंदिग्ध भाषा त्यांत उरली नाही. सप्टेंबर 2023 मध्ये आणखी नवे नियम आले, ते अधिक कडक आहेत. सरकारी तिजोरी ही कोणा एकाची नव्हे आणि तिचे रखवाल करणाऱ्याने प्रश्न विचारलेच पाहिजेत.

हे सर्व मान्य करूनही आमचा मुद्दा अबाधित राहतो. लबाडी पकडावयाची असेल तर ती कारणे लिहूनच पकडता येईल. 'या जवानाच्या कुटुंबात हा आजार आहे, भरतीपूर्वी झटका आल्याची नोंद अमुक रुग्णालयात आहे, सेवेतील अमुक घटकाचा या आजाराशी संबंध वैद्यकशास्त्र मानीत नाही,' असे तीन ओळींत लिहिणारे मंडळ न्यायालयात क्वचितच हरेल. 2019 च्या निकालात सरकार जिंकले तेही मंडळाच्या तज्ज्ञ मताला किंमत देऊन. हरतात ती 'नाही' एवढेच लिहिणारी मंडळे. मंडळातले डॉक्टर आपल्या विद्येत कमी नसतात. सैनिकी वैद्यक सेवेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु जे डॉक्टर रुग्णाच्या ताप-नाडीची नोंद तासातासाला ठेवतात, त्यांनीच त्याच्या जन्माचे भवितव्य ठरविताना लेखणी का आवरावी, हे कोडे उलगडत नाही.

आणि डॉक्टर चुकतच नाहीत असेही नाही. 20 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेले एक प्रकरण वाचून आम्ही सुन्न झालो. 1993 साली भरती झालेला एक जवान. 1999 मध्ये त्यास एच.आय.व्ही.ची बाधा असल्याचे निदान झाले, पुढे एड्सच ठरविण्यात आला आणि 2001 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यास काढून टाकण्यात आले. निदान चुकीचे होते. तो रोग त्याला नव्हताच. एखाद्या गावात, त्या काळात, फौजेतून असा शिक्का घेऊन परतणे म्हणजे काय, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको. विहिरीवरून, देवळाच्या पायरीवरून, सोयरिकीच्या बैठकीवरून त्या माणसाला व त्याच्या घरच्यांना काय काय पाहावे लागले असेल! न्यायालयाने त्यास निवृत्तिवेतन व 50 लाख रुपयांची भरपाई दिली. तेवीस वर्षांनी. एका चुकीच्या कारणाची किंमत न्यायालयाने रुपयांत मोजली ती अशी. इतरांच्या बाबतीत ती मोजलीच जात नाही.

सेवामुक्तीचे सारे कागद वैद्यकीयच असतात असे नाही. लष्करी नियमावलीच्या 1954 च्या तेराव्या नियमाखाली 'सेवेची आवश्यकता उरली नाही' असे कारण देऊनही शिपायास घरी पाठविता येते. व्यवहारात याचा आधार म्हणजे लाल शाईच्या नोंदी. रजेवरून उशिरा येणे, वरिष्ठाशी उद्धटपणा, मद्यपान अशा शिक्षांची नोंद लाल शाईने होते आणि अशा चार नोंदी झाल्या की गठडी वळावयाची, असा समज पलटणीपलटणींतून रुजला होता. शिपायास निवृत्तिवेतन मिळते ते पंधरा वर्षांच्या सेवेनंतर. चौदाव्या वर्षी चौथी लाल नोंद झाली तर? 16 ऑक्टोबर 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा समज खोडून काढला. सेना मुख्यालयाच्या 1988 च्या परिपत्रकातच प्राथमिक चौकशी करावी, अपराध किती गंभीर ते पाहावे, सेवा किती झाली, ती किती कठीण ठिकाणी झाली, निवृत्तिवेतनास किती दिवस उरले हे पाहावे, असे सांगितलेले आहे, आणि ते पाळल्यावाचून केवळ चार नोंदी मोजून कोणास काढता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. शिस्त सैल व्हावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. शिस्तीवाचून सैन्य म्हणजे जत्रा. पण ज्या सैन्यात बंदुकीच्या एकेका गोळीचा हिशेब द्यावा लागतो, तिथे चौदा वर्षांच्या चाकरीचा हिशेब चार रेघांत आटोपावा, हे शिस्तीतही बसत नाही.

आता आम्ही या सर्वाच्या मुळाशी असलेल्या गोष्टीकडे येतो. निकाल स्पष्ट आहेत, पुनःपुन्हा दिले गेले आहेत. तरीही प्रत्येक जवानास तोच लढा पहिल्यापासून का लढावा लागतो? याचे कारण संरक्षण मंत्रालयातील अपिलांच्या सवयीत आहे. फाईलवर 'अपील करावे' असे लिहिणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही. 'अपील करू नये, पैसे देऊन टाकावे' असे लिहिणाऱ्यास उद्या लेखापरीक्षणाचा प्रश्न येईल ही भीती असते. म्हणून तो सही करतो, सरकारी वकील उभा राहतो, जवानास आपला वकील करावा लागतो. सरकारचा वकील जनतेच्या पैशातून, जवानाचा वकील बायकोच्या बांगड्यांतून.

या बाबतीत गोव्याला एक आठवण काढण्याचा अधिकार आहे. मनोहर पर्रीकर देशाचे संरक्षणमंत्री असताना त्यांनी 2015 मध्ये तज्ज्ञांची एक समिती नेमली होती. मंत्रालय आपल्याच सैनिकांशी इतके खटले का लढते आणि ते कमी कसे होतील, हा तिचा विषय. समितीत निवृत्त सेनाधिकारी होते, सैनिकांचे खटले लढविणारे वकील होते आणि कारगिलमध्ये पाय गमावलेला एक अधिकारीही होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात समितीने आपला जाडजूड अहवाल दिला. अपंग सैनिकांविरुद्धची अपिले मागे घ्यावीत, न्यायालयांनी निकालात काढलेले प्रश्न पुन्हा उकरू नयेत, असा तिच्या शिफारशींचा रोख होता. पर्रीकरांच्या राजकारणाशी ज्यांचे कधी पटले नाही — आणि आम्हीही प्रसंगी त्यांच्यावर टीका केलेली आहे — त्यांनीही हे मान्य करावे की, फायलीत बोट घालून नेमके दुखते कुठे ते शोधण्याचा तो प्रयत्न होता. अभियंत्याची ती सवय होती. 2017 च्या मार्चमध्ये ते गोव्यास परतले, 2019 च्या मार्चमध्ये गेले. आणि 2025 च्या जुलैत दिल्लीच्या उच्च न्यायालयाला सरकारच्या तीनशे याचिका एका गठ्ठ्याने फेटाळाव्या लागल्या, यावरून त्या अहवालाचे चीज किती झाले ते दिसतेच आहे. पणजीत पर्रीकरांच्या नावाने सभा-समारंभ करणाऱ्यांनी, आणि गोव्याच्या खासदारांनी, त्या शिफारशींपैकी किती अमलात आल्या हा एक साधा प्रश्न संसदेत विचारावा. पुतळ्यापेक्षा तो स्वस्त पडेल.

विचारण्याची निकड वाढविणारे आणखी एक कारण आहे. 2022 पासून सैन्यात अग्निवीर म्हणून भरती होते आणि चार वर्षांनी त्यांतील बहुतेक परत येतात. त्यांना नेहमीचे निवृत्तिवेतन नाही. सेवेत असताना अपंगत्व आले आणि ते सेवेशी संबंधित ठरले, तर शंभर, पंचाहत्तर वा पन्नास टक्क्यांच्या अपंगत्वास अनुक्रमे 44, 25 व 15 लाख रुपयांचे एकरकमी अनुदान आहे. सेवेशी संबंधित ठरले तर! म्हणजे जुन्या शिपायाच्या बाबतीत जी ओळ निवृत्तिवेतनाचा एक भाग ठरवीत होती, ती या मुलांच्या बाबतीत जवळजवळ सर्वस्व ठरविणार. वीस-बावीस वर्षांचा पोर, हाती कागद, कागदावर 'नाही'. त्या 'नाही'पुढे कारण लिहिण्याची सक्ती आज केली नाही, तर पुढील दहा वर्षांत न्यायाधिकरणांपुढील रांगा कोठवर जातील याची कल्पना करवत नाही.

मंत्रालयाने फार मोठे काही करावयाचे आहे असे नाही. ज्या अभिप्रायात कारणे नाहीत तो वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याने मान्य न करता मंडळाकडेच परत पाठवावा. जवानास अभिप्रायाची प्रत, त्याला समजेल अशा भाषेतील सारांशासह, सेवामुक्तीच्या दिवशीच हाती द्यावी. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून सहा महिने वाट पाहावयास लावू नये. आणि सर्वोच्च न्यायालयाने ज्या मुद्द्यावर निकाल दिला आहे त्यावर पुन्हा अपील करावयाचे असेल तर ते करणाऱ्या अधिकाऱ्याने आपले कारण लेखी द्यावे. जवानाकडून एकोणीस वर्षे कारणे मागितली जातात, तर अधिकाऱ्याकडून एक पान मागणे जड जाऊ नये.

न्यायाधिकरणाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झाले, ऑगस्ट 2009 पासून चालू झाले. गोव्यातील सैनिकाने मुंबईच्या पीठापुढे जावयाचे असते. काणकोणच्या वा सत्तरीच्या माणसाने एका तारखेसाठी रात्रीची बस पकडून मुंबईस जावे, आणि सदस्यांच्या जागा रिक्त असल्याने पीठ बसलेच नाही असे ऐकून परत यावे, हे न्यायाचे कोणते रूप? सदस्यांच्या नेमणुकांचा घोळ या न्यायाधिकरणाच्या पाचवीलाच पुजलेला आहे. पीठाने वर्षातून काही दिवस पणजीत बसावे, अशी मागणी गोवा सरकारने करण्यास कोणाची हरकत नसावी. 2023 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार पुन्हा खुले केले हे चांगले झाले. पण त्या दारातून आत शिरण्याची ऐपत सरकारपाशी आहे तितकी शिपायापाशी नाही, हेही त्या तीनशे याचिकांनी दाखविले.

शेवटी, ज्यांच्या घरी तो पिवळा कागद पडून आहे त्यांच्यासाठी. नाकारलेल्या दाव्याविरुद्ध प्रथम खात्यातच पहिले व दुसरे अपील असते, त्यानंतर न्यायाधिकरण. अंतिम आदेशापासून न्यायाधिकरणात जाण्यास सहा महिन्यांची मुदत असली, तरी योग्य कारण असल्यास विलंब माफ होतो, आणि निवृत्तिवेतन नाकारणे हा दरमहा घडणारा अन्याय असल्याने जुन्या प्रकरणांचीही दखल घेतली जाते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे दावे मंजूर झालेले आहेत. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या निकालानुसार उशिरा आलेल्यास थकबाकी सामान्यतः अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. त्याआधीची बुडाली. मनुष्य हयात नसला तरी त्याची पत्नी दाद मागू शकते. सेवामुक्तीची पुस्तिका, वैद्यकीय मंडळाचे कागद आणि नकाराचे पत्र, एवढे घेऊन प्रथम सैनिक कल्याण कार्यालयात जावे. मंडळाचे कागद हाती नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे आपला सैनिक क्रमांक लिहून त्यांची प्रत मागवावी, आणि ती आल्यावर त्या दोन 'नाहीं'च्या पुढे कारण म्हणून काय लिहिले आहे, ते आधी वाचावे.